पाकीट उलटून वाचायला शिकूया : खाद्यपदार्थांच्या लेबलची पहिली ओळख

दुकानात पाकीट हातात घेतलं की आपण किंमत बघतो, फार तर तारीख बघतो आणि ते पिशवीत टाकतो. मागचा मजकूर मुंगीएवढा असतो, बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, आणि मागे रांगेत माणसं उभी असतात. पण तो मजकूर कंपनीने हौसेने छापलेला नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, स्थापन झालं. या प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार कोणती माहिती छापायचीच हे ठरलेलं आहे. पुढच्या बाजूला काय रंगवायचं ते बरंचसं कंपनीच्या हातात असतं. मागची बाजू तुमच्यासाठी आहे.

हे वाचणं का गरजेचं आहे ते दोन आकड्यांवरून कळेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं मधुमेहाविषयीचं देशव्यापी सर्वेक्षण) देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे असल्याचा अंदाज दिला आहे, आणि लेबल कसं वाचावं यावरही स्वतंत्र मार्गदर्शन आहे.

एक तक्रार सुरुवातीलाच नोंदवते. नियमाप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत छापली की पुरते. मराठी छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. ज्या घरात स्वयंपाकाचे निर्णय आजी किंवा आई घेते आणि तिला इंग्रजी वाचता येत नाही, तिथे हा सगळा कायदा पाकिटावरच थांबतो. राज्यात विकल्या जाणाऱ्या मालावर निदान साखर, मीठ आणि चरबीचे आकडे मराठीत असायला हवेत असं मला ठामपणे वाटतं. तोपर्यंत पाकिटावरचे इंग्रजी शब्द इथे मराठी अक्षरांत देते. घरातलं एखादं बिस्किटाचं, फरसाणाचं किंवा नूडल्सचं पाकीट जवळ घ्या आणि सोबतच वाचा.

पायरी १ : घटकांची यादी शोधा

‘इन्ग्रेडियंट्स’ हा शब्द शोधा. त्यापुढे पदार्थात काय काय घातलंय त्याची यादी असते. या यादीचा क्रम ठरलेला असतो: जे सर्वांत जास्त ते पहिलं आणि जे सर्वांत कमी ते शेवटी. त्यामुळे वेळ नसेल तर पहिली तीन नावं वाचा. पाकिटात मुख्यतः काय आहे ते तेवढ्यात कळतं.

समजा, बिस्किटाच्या पुड्यावर ज्वारी, बाजरी, नाचणीची कणसं छापली आहेत आणि मोठ्या अक्षरांत ‘मल्टिग्रेन’ लिहिलंय. पुडा उलटा. यादीत पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’, म्हणजे मैदा. दुसरं ‘शुगर’. तिसरं ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ आणि त्यापुढे ‘पाम’. आणि मग कुठेतरी खाली ‘नाचणी पीठ ३%’. ही टक्केवारी नीट बघा. ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पाकिटावर ठळकपणे मिरवलं जातं, त्याचं प्रमाण किती हे सांगणं नियमाने बंधनकारक आहे. बदामाचं चित्र असलेल्या कुकीत बदाम किती आणि आंब्याच्या पेयात आंब्याचा गर किती, हे तिथेच सापडतं. नाचणीसाठी जास्त पैसे मोजत असाल तर ती ३ टक्के आहे की ४० टक्के हे कळायलाच हवं.

साखर ओळखणं मात्र थोडं अवघड जातं, कारण ती अनेक नावांनी येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, फ्रुक्टोज, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट. मध आणि गूळही त्यातच धरायचे. गुळाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या चिक्की-लाडवांबद्दल आपल्याकडे हळवेपणा आहे, पण शरीराच्या हिशेबात गूळ हीसुद्धा वरून घातलेली साखरच. एकाच यादीत यांतली तीन-चार नावं वेगवेगळ्या जागी दिसली तर त्यांची बेरीज मनात करा. एकत्र लिहिली असती तर साखर कदाचित पहिल्या क्रमांकावर आली असती.

तेलाच्या बाबतीत ‘हायड्रोजनेटेड’, ‘शॉर्टनिंग’, ‘मार्गारिन’, ‘वनस्पती’ हे शब्द बघून ठेवा. ट्रान्स फॅट म्हणजे हृदयाला घातक ठरणारी चरबी मुख्यतः यांतून येत असे. इथे सरकारी नियमाने खरोखर फरक पडला आहे. तेल-तुपांतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. तेल वापरून केलेल्या पदार्थांनाही २०२२ पासून तीच मर्यादा लागू आहे. शिवाय आइस्क्रीमच्या कपावर ‘फ्रोजन डेझर्ट’ असं लिहिलं असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. दोन्ही कायदेशीर आहेत, पण आपण काय विकत घेतोय हे माहीत असावं.

‘आयएनएस’ आणि पुढे आकडा दिसला की अनेकजण घाबरतात. चव, रंग किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या पदार्थांना जगभर दिलेले हे क्रमांक आहेत. सगळेच आकडे घाबरण्यासारखे नसतात. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ५००(ii) म्हणजे खाण्याचा सोडा, ३२२ म्हणजे लेसिथिन. २११ हे सोडियम बेन्झोएट, टिकवण्यासाठी घालतात. १०२ आणि ११० हे कृत्रिम रंग. नवख्यांनी हे पाठ करत बसू नये. यादी जितकी लांब आणि आकड्यांनी भरलेली, तितका पदार्थ स्वयंपाकघरापासून लांब, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

घरात कोणाला ॲलर्जी असेल तर यादीच्या खालची ‘कंटेन्स’ ही ओळ कधीही चुकवू नका. गहू व ग्लूटेनची इतर धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा आणि सोयाबीन यांची नोंद तिथे करावीच लागते.

पायरी २ : पोषणाचा तक्ता

‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ असं शीर्षक असलेला चौकोन शोधा. त्यात ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण चरबी, संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे आकडे असतात. सुरुवातीला यांपैकी तीनच ओळी बघा: ‘ॲडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली साखर, ‘सॅच्युरेटेड फॅट’ म्हणजे संपृक्त चरबी (तूप, लोणी, पाम तेलात भरपूर असते ती) आणि ‘सोडियम’ म्हणजे मिठातला मुख्य घटक.

तक्त्यात एका रकान्यात टक्केवारी असते. माणसाच्या दिवसभराच्या हिशेबातला किती वाटा एका वेळच्या खाण्यातून जातो, ते त्यात दिसतं. हा हिशेब २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम संपृक्त चरबी, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम असा धरलेला आहे. हे आकडे मोठ्या माणसाचे आहेत. सहा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पाकिटावर ‘२० टक्के’ लिहिलं असेल, तर त्या मुलासाठी तो वाटा त्याहून बराच मोठा असतो. साखरेचे ५० ग्रॅम हीसुद्धा वरची हद्द आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याच्या निम्म्यावर, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास, थांबणं अधिक चांगलं मानते.

सोडियमचं मीठ करायला अडीचने गुणा. २,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, अंदाजे एक सपाट चमचा. त्यात घरची आमटी, भाजी, लोणचं, पापड, सगळं आलं.

आता १०० ग्रॅममागे किती म्हणजे जास्त? आपल्याकडे पाकिटावर तसं सांगणारी सोपी खूण अजून नाही. मी ब्रिटनची फूटपट्टी उसनी घेते. तिथे बऱ्याच पाकिटांच्या पुढच्या बाजूला सिग्नलसारखे लाल, पिवळे, हिरवे रंग असतात. १०० ग्रॅममध्ये साखर २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त, एकूण चरबी १७.५ ग्रॅमपेक्षा जास्त, संपृक्त चरबी ५ ग्रॅमपेक्षा जास्त किंवा मीठ १.५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सोडियम ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल. साखर ५ ग्रॅमपर्यंत, चरबी ३ ग्रॅमपर्यंत, संपृक्त चरबी दीड ग्रॅमपर्यंत आणि मीठ ०.३ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा. पेयांसाठी साखरेची लाल हद्द १०० मिलिलीटरला ११.२५ ग्रॅम. हे आकडे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. आपली शेव, चिवडा, वेफर्स या फूटपट्टीवर मोजून बघा.

पायरी ३ : ‘सर्व्हिंग’ किती धरलंय ते बघा

‘सर्व्हिंग’ म्हणजे एका वेळचं खाणं म्हणून कंपनीने धरलेलं प्रमाण. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा थांबून बघूया.

समजा, नूडल्सच्या तक्त्यात १०० ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. पुडा ७० ग्रॅमचा. म्हणजे एका पुड्यात ८४० मिलिग्रॅम. दिवसाच्या २,००० पैकी ४२ टक्के, म्हणजे सुमारे २.१ ग्रॅम मीठ एका वाडग्यात. मुलाने संध्याकाळी दोन पुडे खाल्ले, तर ८४ टक्के झाले. रात्रीचं जेवण अजून व्हायचंय.

बिस्किटांचं बघा. तक्ता म्हणतो, एक सर्व्हिंग २० ग्रॅम, साखर ४.८ ग्रॅम. वाचून वाटतं, चमचाभर तर आहे. पण पुडा ७५ ग्रॅमचा आहे आणि चहाबरोबर तो अख्खा संपतो. मग साखर होते १८ ग्रॅम, जवळजवळ चार चमचे, आणि चहातली वेगळी. फळांच्या पेयात १०० मिलिलीटरला १२ ग्रॅम साखर असेल तर एका २०० मिलिलीटरच्या पेल्यात २४ ग्रॅम.

म्हणून नेहमी ‘पर १०० ग्रॅम’ किंवा ‘पर १०० एमएल’ हा रकाना घ्या आणि आपण प्रत्यक्षात किती खातो त्याने गुणा. सर्व्हिंग किती धरायचं ते कंपनी ठरवते. आपलं पोट तिला विचारून खात नाही.

दोन कंपन्यांच्या पदार्थांची तुलना करतानाही हाच रकाना वापरा. एका कंपनीचं सर्व्हिंग ३० ग्रॅमचं, दुसरीचं ४५ ग्रॅमचं असेल तर शेजारी ठेवलेले आकडे काहीच सांगत नाहीत.

पायरी ४ : पुढच्या बाजूचे दावे तपासा

मागची बाजू वाचून झाली की मगच पुढची बघा. २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांनी अनेक शब्दांना ठरावीक अर्थ दिला आहे. ‘शुगर फ्री’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘लो शुगर’ला घन पदार्थांत ५ ग्रॅमची मर्यादा आहे. ‘लो फॅट’ म्हणजे घन पदार्थांत ३ ग्रॅमपर्यंत चरबी. ‘हाय फायबर’ला किमान ६ ग्रॅम तंतू लागतात. ‘नो ॲडेड शुगर’ वेगळं: वरून साखर घातलेली नाही, पण खजूर किंवा फळांच्या रसातली साखर असूच शकते. म्हणून तेव्हा ‘टोटल शुगर’ ही ओळ वाचा. खाद्यतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं मोठ्याने सांगितलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका, वनस्पती तेलात मुळात कोलेस्टेरॉल नसतंच.

२०२४ आणि २०२५ मध्ये सरकारने काही दाव्यांवर थेट कारवाई केली. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दुधात घालायच्या पावडरी आणि तत्सम पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं, कारण कायद्यात असा गटच नाही. जून २०२४ मध्ये आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं लिहायला बंदी आली.

तिसरी कारवाई प्रत्येक आईवडिलांनी समजून घ्यावी अशी आहे. औषधाच्या दुकानांतून गोड पेयांचे डबे ओआरएस या अक्षरांसह विकले जात होते. जुलाब झालेल्या मुलाला द्यायचं खरं ओआरएस जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असतं. लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. त्यात ग्लुकोज आणि मिठाचा तोल साधलेला असतो, त्यामुळेच आतडं पाणी शोषून घेतं. साखर कित्येक पट वाढवली की उलट परिणाम होतो, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. एका डॉक्टरच्या चिकाटीने हे झालं, याचा मला फार आदर वाटतो. तुम्ही ओआरएस घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते बघूनच घ्या.

पायरी ५ : खुणा, तारखा आणि परवाना

शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. मांसाहारी पदार्थावर आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो, त्यामुळे रंग नीट न ओळखणाऱ्यांनाही आकारावरून फरक कळतो. अधिकचं चिन्ह आणि एफ अक्षर म्हणजे पोषकद्रव्यं मुद्दाम घातलेलं मीठ, तेल, दूध, कणीक किंवा तांदूळ. ‘जैविक भारत’ची खूण सेंद्रिय मालावर असते. एफएसएसएआयच्या खुणेखाली १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो नसलेलं बंद पाकीट घेऊ नका. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख आता सक्तीची आहे, त्यानंतर पदार्थ खायचा नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही कंपनीने वाटल्यास द्यायची जादा माहिती.

जिथे लेबल सापडणार नाही

ज्या पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही, त्याला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे. ही माहिती अनेक पाकिटांच्या मोठ्या वेष्टनावर द्यायची असते. शाळेच्या कोपऱ्यावर मुलं नेमकी लहान पाकिटं घेतात, आणि मोठं वेष्टन दुकानदाराकडे राहतं. ही सूट मला पटत नाही. पदार्थ ओळखीचा असेल तर त्याच पदार्थाचं मोठं पाकीट एकदा वाचून मुलांना आकडे सांगा. मुलांना हे समजतं. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, त्यावर कोणत्या खाण्यात किती साखर असते ते लिहायचं असतं. तुमची शाळा राज्य मंडळाची असली तरी पालकसभेत ही कल्पना मांडायला हरकत नाही.

हलवायाकडच्या सुट्या मिठाईसाठी, ती कधीपर्यंत खावी हे ट्रेवर लिहायचा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. लिहिलेलं नसेल तर विचारा. आणि दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूकार्डावर पदार्थांच्या कॅलरी द्याव्या लागतात.

पुढच्या बाजूचं काय?

एवढं गणित प्रत्येक ग्राहकाने का करावं, हा प्रश्न रास्त आहे. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. मेक्सिकोने २०२० मध्ये तोच मार्ग धरला. सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना पेयांवरची ए ते डी ही श्रेणी रोज दिसते. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने अर्ध्या ते पाच ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला. त्यावर आक्षेप असा की, साखरेने भरलेल्या पदार्थालाही थोडे तंतू किंवा प्रथिनं घालून तारे वाढवता येतात, आणि तारा हा कौतुकाचा असतो, इशाऱ्याचा नाही. मला हा आक्षेप पूर्ण पटतो. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने मंजुरी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशी देण्यासाठी मुदत घालून दिली. नियमांच्या मसुद्यांवर नागरिकांना सूचना पाठवता येतात. अशी संधी आली की ‘इशारा हवा, तारे नकोत’ एवढं एक वाक्य लिहून पाठवलं तरी ते नोंदवलं जातं.

चूक दिसली तर

परवाना क्रमांक नाही, तारीख खोडलेली आहे, दावा आणि तक्ता जुळत नाहीत, अशा वेळी पाकीट टाकून देऊ नका. पुढची बाजू, मागची बाजू, बॅच क्रमांक आणि बिल यांचे स्पष्ट फोटो काढा. तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सरकारी ॲपवर करता येते. एफएसएसएआयचा टोल फ्री क्रमांक १८००११२१०० आहे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ वर फोन करा. गोव्यात राज्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे जा. किंमत किंवा वजनाबद्दलची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोनवर तक्रार नोंदवली की तक्रार क्रमांक मागून घ्या आणि निकाल लागेपर्यंत पाकीट जपून ठेवा.